ए गाडी आणि बी गाडी

माझ्या बायकोच्या मामांइतकं गाड्यांचं ज्ञान असलेला आणि गाडी नसलेला दुसरा माणूस त्या काळी गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. नाशकात गाडी नसलेली माणसं पुष्कळ, आणि गाड्यांचं ज्ञान असलेली तर त्याहून पुष्कळ. कुठल्याही पानाच्या टपरीवर उभं राहावं, चार मिनिटांत इंजिन खोलून परत बसवून मिळतं. पण मामांची गोष्ट निराळी होती. त्यांना गाडी घ्यायची होती. घ्यायची ऐपत होती. दोन गाड्यांपैकी एक घ्यायची हेही ठरलं होतं, आणि त्या दोनांतली एक ठरवायला त्यांना सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत माझी मुलगी जन्मली, चालायला लागली आणि शाळेतही जाऊ लागली. ज्या सेल्समननं मामांना पहिल्यांदा गाडी दाखवली, त्याचं लग्न होऊन त्याला जुळं झालं आणि त्या जुळ्यांची जावळंही झाली. आम्हाला दोन्ही प्रसंगांची आमंत्रणं होती. आणि हो, मामांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, हे सांगायचं राहिलंच. ते स्कूटर चालवायचे, तीही अशी की सिडकोतली कुत्री त्यांच्या मागे धावायचा कंटाळा करायची.

मामा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. यंत्रावरून उतरलेला पार्ट त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते तो गेजमध्ये घालून बघायचे. बसला तर 'गो', नाही बसला तर 'नो गो', आणि 'नो गो'ला नापासाची चिठ्ठी. मधलं काही नाही. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला आपली नजर गेटवर जमा करून घरी येता येत नाही. मामांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मापं घ्यायचा व्हर्निअर असायचा, लग्नाकार्यातही. आमच्या साखरपुड्याच्या पंगतीत त्यांनी तीन जिलब्यांची मापं घेऊन आचाऱ्याला बाजूला बोलावलं आणि दुसऱ्या घाण्यापासून त्याचा हात सैल पडत चालल्याचं सौम्य शब्दांत त्याच्या लक्षात आणून दिलं. आचारी पुन्हा मांडवात आला नाही. भात मला वाटतं मुलीकडच्यांनीच उतरवला. माझी त्यांच्याशी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी नमस्कार केला, दोन पावलं मागे सरून मला समोरून आणि बाजूनं पाहिलं, आणि म्हणाले, "डावा खांदा किंचित खाली आहे, जावईबापू. पण चालेल. टॉलरन्समध्ये आहे." माझ्या आईला तो शब्द कळला नाही, पण पोरगा पास झाला एवढं कळलं आणि ती समाधानानं पुरणपोळीकडे वळली.

आता अशा माणसाला पळणारी गाडी कशाला हवी होती, तर मामींसाठी. मामी मूळच्या घोटीच्या, भाताच्या व्यापाऱ्याची मुलगी. घरात भावंडं सगळ्या मुलीच, त्यामुळे वडिलांनी, म्हणजे नानांनी, थोरल्या मुलीला सोळाव्या वर्षी जीप शिकवली होती, आणि भाताच्या हंगामात ही पोरगी परकर खोचून जीप हाकताना पाहायला म्हणे खेड्यापाड्यांतून माणसं येत. मग लग्न झालं, नाशिकला आल्या, शाळेत शिक्षिका झाल्या, आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायला लागल्या. पंचवीस वर्षं बसल्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मामांनी मोठ्या मनानं विचारलं, "तुला काय घेऊ?" मामी ताटातली पोळी मोडत म्हणाल्या, "गाडी. छोटी, मागे शेपूट नसलेली. पण पळणारी. आणि ती चालवत मी एकटी घोटीला नानांच्या दारात जाणार." नाना तेव्हा ऐंशीच्या घरात होते. आपल्या पोरीनं स्वतःच्या गाडीनं एकदा आपल्या ओट्यासमोर येऊन हॉर्न वाजवावा, आणि समोरच्या पेढीवाल्यानं तो ऐकावा, ही त्यांची फार जुनी हौस होती. मामांनी तिथल्या तिथे होकार दिला. फक्त एक अट घातली. गाडी पळणारी असेल, पण रोजच्या कामाचीही असेल. आणि येईल ती दिवाळीला. कुठल्या दिवाळीला, हे त्या वेळी विचारायला हवं होतं.

बाजारात तेव्हा अशा चटपटीत गाड्या दोनच होत्या, आणि दोन्ही कंपन्यांचं एकमेकींशी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मामा त्यांची नावं घेत नसत. "नाव घेतलं की माया जडते," ते म्हणायचे. "इन्स्पेक्शनला नंबर पाहिजे." म्हणून एकीचं नाव पडलं ए आणि दुसरीचं बी. ए लाल, बुटकी, नाक खाली करून उभी राहणारी; तिचं मुंबई नाक्याकडच्या शोरूममधलं इंजिन नुसतं सुरू केलं तरी शेजारचा चहावाला वर बघायचा. बी चंदेरी, ए पेक्षा दीड वीत लांब, पळायला तितकीच पण तोंडानं गरीब. ती त्र्यंबक रोडला मिळायची. मासिकांत या दोघींच्या तुलना छापून यायच्या, शून्यापासून शंभरपर्यंत कोण किती सेकंदांत जाते वगैरे. मामांनी त्यांतली एक वाचून माझ्याकडे परत दिली. "शून्यापासून शंभर कशाला मोजतात, जावईबापू? आमच्या कॉलनीत शून्यापासून वीसवर गेलं की गतिरोधक येतो. शून्य ते वीस, आणि वीस ते शून्य, दळणाचा डबा मागे ठेवून. ते कुणी मोजलंय का?" कुणी मोजलं नव्हतं. मामांनी ते मोजायला घेतलं, आणि तिथून माझे रविवार गेले.

त्यांनी रोजच्या कामाच्या चाचण्यांची एक वही केली होती. पहिली चाचणी गॅसच्या सिलिंडरची: भरलेला सिलिंडर डिकीत उभा राहिला पाहिजे आणि डिकीचं दार न रेटता लागलं पाहिजे. बीमध्ये तो राहायचा. एमध्ये दीड इंच जागा कमी पडायची. दुसरी चाचणी घोटीच्या तांदळाच्या पोत्याची, कारण दर दिवाळीला नाना नव्या तांदळाचं पोतं पाठवायचे आणि ते एसटीच्या टपावरून उतरवताना मामांच्या पाठीनं दोनदा राजीनामा दिला होता. तिसरी गणपतीची. चतुर्थीला मूर्ती मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाच्या हातातल्या बाप्पाचा मुकुट छताला लागता कामा नये. चाचणीसाठी देवाला गाडीत कोंबणं बरं दिसेना, म्हणून मामांनी मूर्तीच्या उंचीचं पाण्याचं स्टीलचं पिंप धरलं, आणि ते मांडीवर घेऊन बसायचा मान जावयाचा. चौथी चाचणी ताकाची. काठोकाठ ताक भरलेलं पातेलं मागच्या सीटवरच्या माणसानं हातात धरायचं, गाडी ठरावीक पाच गतिरोधकांवरून न्यायची, आणि परत आल्यावर किती चमचे ताक सांडलं ते मोजायचं. पातेलं सेल्समनकडे असायचं. ए अकरा चमचे सांडायची, बी सात. दोन्ही शोरूमच्या ट्रायलच्या गाड्यांना पुढे पुढे एक आंबूस वास यायला लागला आणि नवी गिऱ्हाइकं काच खाली करून बसायची.

डिकीच्या मापाबद्दल मामांचं कंपनीच्या पुस्तिकेशी मुळातच पटत नसे. "डिकी लिटरमध्ये देतात! लिटर दुधाला. मी काय डिकीत दूध ओतणार आहे?" असं म्हणून त्यांनी डिकीसाठी निराळं माप शोधलं, आणि ते माप म्हणजे मी. मामांच्या घरात जावयाला अहो-जाहो शिवाय बोलायची रीत नाही. दिवाळीला पाट, रांगोळी, अत्तर, सगळं यथासांग होतं. त्याच आदबीनं ते शोरूमच्या दारात मला म्हणायचे, "जावईबापू, त्रास होणार नसेल तर जरा डिकीत बसता का?" मी बसायचो. काय करणार, बायकोचे मामा. गुडघे हनुवटीला लावून मी आत पडलो की ते दार अर्धं लावून बाहेरून विचारायचे, "मान कशी आहे?" मी आतून "बरी आहे" म्हणायचो. वहीत नोंद व्हायची: जावई, मान वळवून, गो. एकदा एका रविवारी माझे ऑफिसातले साहेब सहकुटुंब गाडी बघायला त्याच शोरूममध्ये आले आणि त्यांनी डिकी उघडली. पुढच्या वर्षी माझी बढती झाली, पण त्यांनी माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणं मात्र तिथपासून सोडलं ते सोडलंच.

शोरूमवाले हे सगळं खपवून कसं घेत होते, असं वाटेल. त्याचं कारण मामांचा अहवाल. सबंध कॉलनीला ठाऊक होतं की या माणसाइतकी बारकाईनं गाडी कुणी पाहिलेली नाही. लोक संध्याकाळी येऊन वही वाचायचे, चहा घ्यायचे, आणि सोमवारी जाऊन गाडी घेऊन यायचे. समोरच्या वकिलांनी ए घेतली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी बी घेतली, माझ्या सख्ख्या साडूनंसुद्धा वही चाळून बी आणली आणि पहिल्याच दिवशी तीत सिलिंडर उभा करून दाखवला. मामा प्रत्येक नव्या गाडीला स्वतः हार घालायला जायचे आणि हार घालता घालता दाराच्या फटीत व्हर्निअर घालून बघायचे. त्यामुळे दोन्हीकडे त्यांना खुर्ची होती. बीच्या शोरूममध्ये एक गृहस्थ बाकी सगळे बदलले तरी टिकून होते, टाय लावायचे, म्हणून आम्ही त्यांना टायवालेच म्हणायचो. मघाशी सांगितलेली जुळी ती यांचीच. मामांना गाडी विकूनच इथून जायचं, अशी त्यांनी काही प्रतिज्ञा केली असावी.

आणि ट्रायलला गाडी चालवायच्या मामी. चारचाकीचं लायसन घरात त्यांच्याचकडे होतं. रविवारी सकाळी त्या चुरगळणार नाही अशी साडी नेसायच्या, पदर खोचायच्या, चष्मा पुसायच्या आणि स्टिअरिंगवर बसायच्या. दोन्ही शोरूमचा ट्रायलचा रस्ता ठरलेला होता: कॉलनीतल्या गतिरोधकांवरून हायवेला, तिथून पाथर्डी फाट्यापर्यंत, आणि फाट्यावरून यू टर्न. फाट्यावरून सरळ गेलं की विल्होळी, वाडीवऱ्हे, आणि पस्तीसेक किलोमीटरवर घोटी. मामी दर रविवारी तिथे वेग कमी करायच्या, समोरच्या रस्त्याकडे एकवार बघायच्या आणि चाक फिरवायच्या. घरी आल्यावर घोटीला फोन. नानांचा आवाज एवढा खणखणीत की फोन दुसऱ्या खोलीतही ऐकू यायचा. "काय गं, झाली का गाडी?"

"होतीये, नाना. थोडं राहिलंय."

"अगं पण कव्हा? मी हितं वट्यावर बसून हाय!"

पहिल्या दोन वर्षांत नाना ओट्यावर बसून चष्म्याशिवाय पेपर वाचत होते. तिसऱ्या वर्षी जाड भिंगांचा चष्मा आला. चौथ्या वर्षी पेपर शेजारचा वाचून दाखवायला लागला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थोपवून धरायची, एवढंच हातात. फोनवर नाना आता "कव्हा" म्हणत नसत. म्हणायचे, "दिसतंय तवर ये बाई." मामी फोन ठेवून स्वयंपाकघरात जायच्या, आणि मामांना फक्त एवढंच सांगायच्या, "नाना विचारत होते." मामा मान हलवायचे, वही काढायचे. त्यांना घाई कळत नव्हती असं नाही. त्यांनी त्या आठवड्यात दोन चाचण्या जास्त लावल्या, निकाल लवकर लागावा म्हणून. मला त्यांचा राग यायचा. "मामा, दोन्ही चांगल्या आहेत, कुठलीही घ्या!" असं मी एकदा आवाज चढवून म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कारखान्याच्या गेटवर उभा राहून न तपासलेला माल सोडतो आहे. "कुठलीही म्हणजे, जावईबापू?" ते म्हणाले. "ती एवढ्या वर्षांनी काहीतरी मागतीये. त्यात खोट निघून कसं चालेल?" माणूस चेंगटपणा करत होता तो प्रेमापोटी, आणि दोन्ही एकत्र आले की घरातल्या माणसांचे हाल कुत्रा खात नाही.

सहाव्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका रविवारी, पाळी बीची होती. मामी स्टिअरिंगवर, शेजारी मामा वही उघडून. मागे मी, मांडीवर पिंप. माझ्या शेजारी टायवाले, हातात ताकाचं पातेलं. डिकीत सिलिंडर. मामी सकाळपासून गप्प होत्या. निघण्याआधी त्यांनी घोटीला फोन केला होता, तो कधी नव्हे तो नानांनी उचलला नाही, शेजाऱ्यानं उचलला. गतिरोधक झाले. टायवाल्यांनी सवयीनं "साडेसहा चमचे, सर" असं सांगितलं. हायवे लागला, फाटा आला. मामींनी वेग कमी केला, समोर पाहिलं. आणि चाक फिरवलंच नाही.

"मॅडम, यू टर्न," टायवाले म्हणाले.

मामींनी गिअर बदलला.

"मॅडम, यू टर्न गेला!"

"अगं, वळायचं होतं," मामा म्हणाले.

"हो का?" मामी म्हणाल्या. विल्होळी आली आणि गेली. त्या आरशात न बघता म्हणाल्या, "नानांना आता उजेड तेवढा कळतो. सकाळी शेजाऱ्यानं सांगितलं. माणूस ओळखू येत नाही." मामांनी वही मांडीवर तशीच धरून ठेवली होती. टायवाल्यांच्या खिशातला फोन दोनदा वाजला, पण दोन्ही हातांत ताक, त्यामुळे तो वाजून वाजून थांबला. बऱ्याच वेळानं मामा मागे न वळता हळूच म्हणाले, "जावईबापू, पाचवा गिअर पडला. सहा वर्षांत आपण पाचवा पाहिलाच नव्हता." वहीत मात्र त्यांनी काही लिहिलं नाही. मामी त्या रस्त्यानं गाडी अशी नेत होत्या की ट्रकवाले आपण होऊन बाजू देत होते. पदर खोचलेला, पाठ ताठ, आणि डोळ्यांतून पाणी. वाडीवऱ्ह्याच्या पुढे टायवाल्यांनी पातेल्यातलं ताक थोडं पिऊन घेतलं. सांडण्यापेक्षा बरं, असं म्हणाले.

घोटीत शिरल्यावर बाजारातून, तांदळाच्या गिरणीवरून, दोन वळणं घेऊन मामींनी गाडी नानांच्या ओट्यासमोर उभी केली आणि हॉर्न दाबला, तो चांगला मनसोक्त. समोरच्या पेढीवरची माणसं बाहेर आली. नाना खुर्चीत बसले होते. त्यांनी आवाजाकडे मान फिरवली.

"कोण हाय?"

"मी, नाना."

"तू? येष्टी तर अजून यायची हाय."

"गाडी घेऊन आलेय. चालवत."

नाना उठले. मामींनी त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या आणि तो हात बॉनेटवर ठेवला. नानांनी तो तसाच पुढे नेला, दिव्यावरून, काचेवरून, आरशावर. पुन्हा बॉनेटवर आणला. "तापलीये," ते म्हणाले. "लय पळवली का?" नाना हसत होते, आणि पेढीच्या दिशेनं, साधारण अंदाजानं, तोंड करून उभे होते, की तिकडच्यांनी नीट बघून घ्यावं. मग त्यांनी विचारलं, "रंग कोणता हाय?"

मामींनी तोंडावर पदर धरला होता. मी पिंप धरून उभा. मामा दोन पावलं पुढे झाले, नानांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि समोरच्या स्वच्छ चंदेरी गाडीकडे बघत म्हणाले, "लाल."

"लाल!" नाना म्हणाले. "अन् आपलीच ना?"

"आपलीच."

टायवाल्यांनी तोंड उघडलं. गाडी त्यांच्या शोरूमची, रंग चंदेरी, आणि त्यांच्याकडे लाल रंग येतच नव्हता. पण तो माणूस मनानं मोठा निघाला. घसा साफ करून म्हणाला, "अभिनंदन, नाना. पहिल्या तीन सर्व्हिसिंग फ्री आहेत बरं का."

परतताना गाडीत ताक नव्हतं, ते नानांकडे सगळ्यांनी मिळून संपवलं. नवा तांदूळ मात्र होता. अर्ध्या रस्त्यापर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "जावईबापू, सव्वीस वर्षांत मी चुकीच्या अहवालावर सही केलेली नाही. आज दोन केल्या." मी म्हणालो, "मामा, ते मनाला लावून घेऊ नका, म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी..." ते म्हणाले, "नाही. दुरुस्त करावे लागतील." सोमवारी त्यांनी रजा टाकली. मुंबई नाक्याच्या शोरूममध्ये गेले आणि ए घेतली. लाल. सिलिंडरला दीड इंच कमी, ताक अकरा चमचे, सगळ्या चाचण्या विरुद्ध गेलेल्या. सगळी कॉलनी चाट पडली. साडू तर भांडायलाच आला, की मग मला बी का घ्यायला लावली? टायवाल्यांच्या सहा वर्षांच्या तपश्चर्येवर पाणी पडलं, तरी ते पूजेला आले, पेढे खाल्ले, आणि दुसऱ्या कंपनीच्या गाडीला हार घालताना त्यांचे डोळे भरून आले. कशानं, ते मी विचारलं नाही.

पुढे एकदा मी मामांना विचारलं की ऐन वेळी तोंडून लालच कसं आलं, समोर चंदेरी उभी असताना. ते चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "ती लाल गाडीत बसली ना, की आरसा नीट करायच्या आधी हसते. चंदेरीत बसली की आधी आरसा नीट करते. पहिल्या रविवारपासून बघतोय." मी म्हणालो, "मग सहा वर्षं काय करत होतात?" ते म्हणाले, "सिलिंडर बसत नव्हता."

ती लाल गाडी आली आणि मामींचे रविवार घोटीचे झाले. नाना पुढच्या सीटवर बसायचे, काच खाली, वारा तोंडावर घेत. वैतरणेच्या रस्त्यानं लेक त्यांना हिंडवून आणायची. ते रस्त्यातल्या प्रत्येकाला, दिसत नसला तरी, हात करायचे. "लाल गाडी वळखतात सगळे," असं म्हणायचे. हे दीड वर्ष चाललं. मग नाना गेले. म्हातारपणच होतं, फारसे हाल झाले नाहीत. त्यांच्या दिवसांना आम्ही सगळे घोटीला होतो. संध्याकाळी मामा आणि मी ओट्यावर बसलो होतो, समोर ती गाडी धूळ खात उभी. मामा फारसे बोलणारे नव्हेत, आणि भावनेचं तर नाहीच नाही. ते म्हणाले, "मी ती लाल आणली, जावईबापू. सांगितलं तसंच केलं. पण नाना पेपर वाचत होते तेव्हा आलो असतो, तर कुठलीही आणली असती तरी चाललं असतं."

आत मामी निघायची तयारी करत होत्या, आणि कुणाला तरी विचारत होत्या की किल्ली पाहिली का.